पुतळीवरचा डिंक आणि पुतळीवरची अक्षरे

१/ आजचा धागा एका चिकट विषयावर आहे, शब्दशः चिकट. सोन्याच्या जुन्या नाण्यावर डिंक, मेण, तूप, लाख किंवा सेलोटेपचा थर बसला असेल, तर तो काढावा की राहू द्यावा? आणि काढायचा तर कसा? प्रश्न घरगुती वाटतो. परंतु इतिहासाचे एखादे साधन टिकणार की कायमचे पुसले जाणार, हे अनेकदा याच्या उत्तरावर ठरते.

२/ आमच्या आजीच्या माळेतील पुतळ्या तिच्या पश्चात वाटल्या गेल्या. घोळ होऊ नये म्हणून आत्याने प्रत्येक पुतळी वहीच्या पानावर सेलोटेपने चिकटवली आणि खाली ज्याचे-त्याचे नाव लिहिले. तीसएक वर्षे ती पाने कपाटात पडून राहिली. टेप पिवळी पडून गळून गेली, पण तिचा डिंक पुतळ्यांवरच राहिला : तपकिरी, चिवट, धूळ धरून बसलेला.

३/ चुलतबहिणीने तिची पुतळी सराफाकडे उजळायला दिली. ती लखलखीत होऊन परत आली. माझी पुतळी मी उजळली नाही, केवळ डिंक उतरवला. आज दोन्ही पुतळ्या शेजारी ठेवल्या की एकाच माळेतल्या आहेत हे सांगूनही पटत नाही. या धाग्यात जे मांडायचे आहे, ते त्या दोन पुतळ्यांमधील अंतराविषयी आहे.

४/ प्रथम पुतळी म्हणजे काय ते पाहू. मुळात ही व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची सुवर्णमुद्रा, म्हणजे डुकाट. ती इ.स. १२८४ पासून पाडली जाऊ लागली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस संत मार्क यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख 'डोज', दुसऱ्या बाजूस लंबगोल प्रभावळीत उभा ख्रिस्त.

५/ मसाल्याच्या आणि कापडाच्या व्यापारातून ही नाणी शतकानुशतके भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिली. त्यांवरील मनुष्याकृतींमुळे आपल्याकडे त्यांना 'पुतळी' हे नाव पडले, असे मानले जाते. आपल्या आज्या-पणज्यांना त्या आकृतींत देवदेवता दिसल्या, आणि परक्या प्रजासत्ताकाचे चलन मराठी स्त्रीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होऊन विसावले.

६/ या नाण्यावर सन नसतो. काळ ठरवायचा तो डोजच्या नावावरून, आणि ते नाव काठाशी बारीक रोमन अक्षरांत असते. शेवटचा डोज लुदोविको मानिन. त्याची कारकीर्द १७८९ ते १७९७. त्या वर्षी नेपोलियनपुढे ते प्रजासत्ताक संपले. म्हणजे मानिनचे नाव वाचता आले, तर ती मुद्रा कोणत्या आठ वर्षांतील आहे हे कळते. नाव वाचता आले नाही, तर ते केवळ साडेतीन ग्रॅम सोने.

७/ आणखी एक गुंतागुंत आहे. मागणी इतकी होती की भारतातही पुतळीच्या नकला मोठ्या प्रमाणावर घडवल्या गेल्या. येथील कारागिरांना रोमन लिपी येत नव्हती. त्यांनी अक्षरे वाचून नव्हे, तर नक्षी म्हणून उतरवली. त्यामुळे नकलेवरील अक्षरे मोडकी, उलटी, कधी नुसत्या उभ्या रेघा. अस्सल कोणती आणि येथे घडलेली कोणती, हे ओळखण्याची एक महत्त्वाची खूण ही अक्षरेच.

८/ आता सोन्याचा स्वभाव. शुद्ध सोने मऊ असते. मोहसच्या काठिण्यश्रेणीत ते अडीचच्या आसपास येते. घरातल्या साध्या धुळीत असणारे वाळूचे कण त्याहून कितीतरी कठीण. म्हणजे धूळ बसलेले नाणे मऊ कापडाने पुसले, तरी आपण त्यावर बारीक वाळूच फिरवत असतो. दात घासण्याची पेस्ट, राख, खाण्याचा सोडा, पितळ उजळायची पूड यांबद्दल तर बोलायलाच नको.

९/ हिशेब मांडून पाहू. पुतळीचा व्यास सुमारे २० मिलिमीटर. दोन्ही बाजूंवरून मिलिमीटरचा केवळ एक हजारांश भाग घासला गेला, तर सुमारे १२ मिलिग्रॅम सोने जाते. पैशात ही रक्कम फार नाही. घरच्या काट्यावर कळणारही नाही. परंतु ठशाच्या बारीक रेषा आणि टाकसाळीतून निघतानाची मूळ झळाळी अशाच पातळ थरात असते. आधी जातात त्या या गोष्टी. वजन फार नंतर जाते.

१०/ नाणे घासून सोने कमावणे हा तर जगभरचा जुना धंदा. चामड्याच्या पिशवीत सोन्याची नाणी भरून ती हलवत राहायची, आणि तळाशी जमलेला चुरा गोळा करायचा. कडा कातरून घेणारेही होते. इ.स. १६९६ मध्ये न्यूटन इंग्लंडच्या टाकसाळीत अधिकारी म्हणून रुजू झाला, तेव्हा तो देश कातरलेल्या चांदीच्या नाण्यांपायी त्रासला होता. नाण्यांच्या कडेवर रेघा किंवा अक्षरे आली, ती ही कातरी पकडण्यासाठी.

११/ आपल्याकडे झिजलेल्या नाण्याची किंमत सराफ कापून घेत, त्या कपातीला 'बट्टा' म्हणत. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार त्याच पेढीवरून आपल्या बोलण्यात आला. जुने सराफ नाणे वाजवून घेत, तोलून घेत, कसोटीवर ओढून घेत. चकाकीवर मात्र त्यांचा भरवसा नसे, कारण चकाकी आणता येते हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१२/ आज आपली नजर नेमकी उलट झाली आहे. घरातले काहीही लख्ख दिसले की ते चांगले राखले आहे, असे आपण समजतो. तांब्याच्या घागरीला हा नियम योग्य, समईलाही योग्य. नाण्याला तो लावला की घात होतो. घागर वापरायची असते, नाणे वाचायचे असते. पानावरचा मजकूर खरवडून कोणी पुस्तक स्वच्छ करत नाही.

१३/ याच्या विरुद्ध टोकाला नाणेसंग्राहकांचा एक कडक नियम आहे : नाणे कधीही, कशानेही स्वच्छ करू नये. या नियमामागची कळकळ मला मान्य आहे, नियम सरसकट मान्य नाही. तो मुख्यतः तांब्या-चांदीच्या अनुभवातून आला आहे. तांब्याच्या शिवराईवर काळाने चढलेला घट्ट तपकिरी-हिरवट थर हा त्या धातूचाच बदललेला भाग असतो. तो काढणे म्हणजे नाण्याची कातडी सोलणे.

१४/ सोन्याचे तसे नाही. शुद्ध सोने हवेत गंजत नाही, तुपाने काळवंडत नाही, हळदीने रंगत नाही. त्यावर बसलेला चिकटा धातूशी एकजीव झालेला नसतो, तो केवळ वर बसलेला असतो. म्हणून माझे मत असे की सोन्याच्या नाण्यावरचा चिकटा काढावा, परंतु विरघळवून काढावा. घासून, खरवडून किंवा आम्लात बुडवून नव्हे. जे विरघळून सुटते ते बाहेरचे. ज्यासाठी जोर लावावा लागतो, तिथे हात थांबवावा.

१५/ 'राहू द्या' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिकटा निरुपद्रवी नसतो. तो धूळ धरतो, आणि पुढच्या पिढीतील कोणीतरी ती धुळीसकट पुसतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतराने तेलकट, कधी हिरवट द्रव पाझरतो. २२ कॅरटच्या नाण्यातील तांब्याला तो बाधू शकतो. आज आपण नीट काढले नाही, तर उद्या कोणीतरी वाईट रीतीने काढील.

१६/ आता कृती. आधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र घ्या आणि वजन टिपून ठेवा. मग चिकटा कशाचा आहे ते ओळखा. पंचामृतातील साखर-मध, गूळ किंवा कुंकवाचा थर बहुधा पाण्याने सुटतो : काचेच्या वाटीत कोमट डिस्टिल्ड पाणी, नाणे बुडवून ठेवायचे, पाणी बदलत राहायचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, म्हणून ते टाळावे. तुपासाठी त्यातच सौम्य द्रवसाबणाचे दोन थेंब पुरतात.

१७/ सेलोटेपचा डिंक, बऱ्याच प्रकारचे गोंद आणि पीव्हीसीचा पाझर यांवर उपाय म्हणजे शुद्ध ॲसिटोन. नखांवरील रंग काढायचा द्रव नव्हे. त्यात रंग, सुगंध, तेल असते आणि तेच नाण्यावर नव्याने बसते. काचेच्या झाकणाच्या भांड्यात नाणे बुडेल इतके ॲसिटोन घ्या आणि अर्धा तास तसेच ठेवा. जुना डिंक रात्रभरही घेईल. ॲसिटोन सोन्याला काहीही करत नाही, म्हणून घाई नको.

१८/ पहिल्या द्रवातून नाणे काढून दुसऱ्या, ताज्या ॲसिटोनमध्ये बुडवा. ही पायरी अनेक जण गाळतात. पहिल्या द्रवात विरघळलेला डिंक असतोच, आणि ॲसिटोन उडून गेले की त्याची पातळ साय पुन्हा नाण्यावर जमते. मग नाणे कडेला धरून मऊ सुती कापडावर ठेवा आणि आपोआप वाळू द्या. पुसायचे नाही. पाण्यात धुतलेले नाणे टिपून घ्यायचे असेल, तर कापड वरून नुसते टेकवावे, फिरवू नये.

१९/ सावधगिरीची सूचना गंभीरपणे घ्यावी. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. त्याची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. देवघरातील नाणे असले, तरी हे काम निरांजन, उदबत्ती किंवा शेगडीच्या आसपास करू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मुलांना दूर ठेवावे, भांडे कधीही तापवू नये आणि उरलेला द्रव मोरीत ओतू नये.

२०/ मेण ॲसिटोनला फारसे दाद देत नाही. त्यासाठी गरम डिस्टिल्ड पाणी वापरावे : मेण मऊ होऊन सुटते आणि पाण्यावर तरंगते. नाणे वर काढण्याआधी तो तवंग टिपून घ्यावा, नाहीतर मेण पुन्हा चिकटते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पण लाखेपाशी जरा थांबा. बोरमाळेचे पोकळ मणी लाखेने भरलेले असतात. लाख भरलेला, मोती किंवा मिना असलेला दागिना कोणत्याही द्रवात बुडवू नये.

२१/ माळेतील नाणी असतील, तर गोफासकट भिजवू नयेत. पटवेकऱ्याकडून गाठ सोडवून घ्यावी आणि नंतर पुन्हा गाठवावी. पुतळीला डाग देऊन जोडलेले नाके तोडून तिला 'मूळ रूपात' आणण्याचा मोहही टाळावा. ती कधीकाळी चलन होती आणि पुढे अलंकार झाली, हे ते नाके सांगते. नाण्यावरील सराफांचे शिक्के, कस घेताना पडलेल्या चिरा, तांबूस ठिपके हा मळ नव्हे. यांतले काहीही काढू नये.

२२/ उजळण्याच्या जुन्या पद्धतींत आम्ल असते. शुद्ध सोन्याला साधे आम्ल विरघळवू शकत नाही, परंतु मिश्रधातूतील तांब्यावर ते चढाई करते आणि पृष्ठभागाचा मूळ रंग बदलतो. अम्लराजात तर सोनेही विरघळते. त्याचा वापर करून ग्राहकाच्या दागिन्यातले सोने काढून घेण्याची लबाडी जुनी आहे. आमच्या सराफाने मात्र लबाडी केली नाही. त्याला जे सांगितले, ते त्याने चोख केले. चूक सांगण्यात होती.

२३/ हे केवळ पुतळीपुरते नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईच्या टाकसाळीत ब्रिटिश गिनी, म्हणजे सॉव्हरिन, पाडली गेली : २२ कॅरट, ७.९८ ग्रॅम. लंडनच्या गिनीपासून तिला वेगळे ओळखायचे ते सनाच्या आकड्यांच्या वर असलेल्या 'आय' या इवल्याशा अक्षरावरून. मुंबईचा सगळा इतिहास त्या एका अक्षरात. बोटाने दोन-चार वर्षे चोळत राहिले, तर आधी पुसट होईल ते तेच.

२४/ शिवछत्रपतींचा होन घ्या. इ.स. १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित असलेली ही सुवर्णमुद्रा वजनाने तीन ग्रॅमही नाही. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. आज ती अतिशय दुर्मीळ आहे. तिच्यातील सोने कोणत्याही पेढीवर मिळेल. ती अक्षरे कोठेही मिळणार नाहीत. सोने बावनकशी असो वा नसो, नाण्याचा कस त्याच्या लेखात असतो.

२५/ राजस्थानात बयानाजवळ १९४६ मध्ये गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा मोठा साठा सापडला. काही नाणी आधीच वितळवली गेली होती, १,८२१ वाचली. त्यांची सूची सिद्ध केली ती कोल्हापूर भागातून आलेल्या डॉ. अनंत सदाशिव आळतेकरांनी, आणि ती १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. गुप्त राजांविषयी आपण जे जाणतो, त्यातील बराचसा भाग अशा नाण्यांवरील लेख आणि आकृती वाचून आलेला आहे. वितळलेल्या नाण्यांनी काय सांगितले असते, हे विचारायला आता कोणीच उरले नाही.

२६/ म्हणून जमिनीत सापडलेल्या नाण्याला घरगुती उपचार मुळीच करू नयेत. त्यावरची माती हाही पुरावा असतो. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वरची सारी कृती वारशाने आलेल्या किंवा रीतसर घेतलेल्या नाण्यासाठी आहे.

२७/ स्वच्छ केल्यावर नाणे कोठे ठेवता हेही तितकेच महत्त्वाचे. नव्या रेनकोटसारखा वास येणारे मऊ प्लॅस्टिक म्हणजे बहुधा पीव्हीसी, ते नको. आम्लविरहित कागद, किंवा पॉलिप्रॉपिलीन अथवा मायलारचे पाकीट चालते. नाव लिहायचे असेल तर पाकिटावर लिहा. डिंक, टेप, रबर, खिळण्याची पिन यांपैकी काहीही नाण्याला थेट लागू देऊ नका. पूजेला ठेवायचे असेल, तर गंध-कुंकू नाण्याखालच्या विड्याच्या पानाला लावा.

२८/ आता राहिली माझी पुतळी. दोन दिवस ॲसिटोनमध्ये होती. तिसऱ्यांदा द्रव बदलल्यावर डिंकाची शेवटची साय सुटली. खाली चकाकी नव्हती. मंद, दाट पिवळा रंग होता, आजीच्या गळ्यात दिसायचा तसाच. भिंगाखाली काठाची अक्षरे वाचायला घेतली. मानिनचे नाव असेल, अशी आशा होती.

२९/ नाव कोणाचेच नव्हते. दोन अक्षरे उलटी, एक अर्धवट, आणि पुढे नुसत्या उभ्या रेघा. ही पुतळी व्हेनिसची नव्हेच. जी लिपी कधी वाचली नाही, ती कोणा भारतीय कारागिराने नजरेने उतरवली होती. एखाद-दुसरे अक्षर जमले, बाकी निसटले. क्षणभर वाईट वाटले. नंतर वाटले, त्या माणसाची हाती आलेली खूण एवढीच, आणि ती डिंकाखाली तीस वर्षे सुखरूप राहिली.

३०/ चुलतबहिणीची पुतळी अस्सल की येथे घडलेली, हे आता सांगता येत नाही. तिच्या काठावर लकाकी आहे, अक्षरे नाहीत. आपल्याही घरी पाकिटात, डबीत, देव्हाऱ्यात असे एखादे नाणे असेल, तर उजळायला देण्यापूर्वी एकदा भिंग घेऊन त्याच्या काठाशी काय लिहिले आहे ते पाहा. आज वाचता आले नाही तरी चालेल. वाचणारे पुढे कोणी येईल, त्याच्यासाठी ते शिल्लक राहू द्या.